दोन ‘रबर सोल’ : एका तबकडीचे पाठभेद

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान; छपाईसाठी थोडेसे संस्कारित)



व्याख्यानाचा विषय कळवावा, असे चिटणीसांचे पत्र आले तेव्हा मी उत्तरादाखल ‘पाठभेद’ एवढा एकच शब्द लिहून पाठवला. मराठीचा अध्यापक पाठभेदांवर बोलणार म्हणजे ज्ञानेश्वरीवर बोलणार, हे त्यांनी गृहीत धरले आणि बाहेर तसा फलकही लागला. ज्ञानेश्वरीसाठी आलेल्या मंडळींची मी आरंभीच क्षमा मागतो. टेबलावर ठेवलेला हा रेकॉर्ड-प्लेअर आणि या दोन तबकड्या पाहून ज्यांच्या मनात शंका आली असेल त्यांची शंका खरी आहे. मी बीटल्स या इंग्रज गायकचौकडीच्या १९६५ सालच्या ‘रबर सोल’ या ध्वनिमुद्रिकेवर बोलणार आहे.

विषय या सभागृहाला परका वाटेल. पण त्यामागचा प्रश्न या गावाला परका नाही. आपल्याच बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९६० ते १९७५ या काळात तिची सातही कांडे प्रसिद्ध झाली. देशभरातील हस्तलिखिते जमवायची, ओळीला ओळ लावून पाहायची, मूळचे कोणते आणि मागाहून घुसलेले कोणते हे ठरवायचे, आणि जे गाळले तेही तळटीपेत जपून ठेवायचे, असा तो उद्योग. प्रक्षेप, अपपाठ, लेखनिकाचा प्रमाद हे शब्द मी एम. ए.च्या वर्गात शिकलो. मात्र त्यांचा अर्थ मला त्याआधीच, १९८६ सालच्या डिसेंबर महिन्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी एका रात्री कळला होता. फक्त तेव्हा त्या अर्थाला नाव नव्हते.

माझे धाकटे काका नाट्यसंगीताचे भोक्ते. त्यांच्या संग्रहात एकच इंग्रजी एल. पी. होती आणि तीही गैरसमजातून आलेली. मुंबईच्या एका दुकानदाराने, ‘यात सतार आहे,’ असे सांगून ती त्यांच्या गळ्यात घातली होती. सतार होती, पण एका गाण्यात आणि मोजून दोन मिनिटे. फसवणूक झाली म्हणून काकांनी ती आधी रागाने, मग कुतूहलाने आणि शेवटी प्रेमाने इतक्या वेळा ऐकली की कोणते गाणे संपले म्हणजे कोणते लागणार, हे घरातल्या सगळ्यांना पाठ झाले. ही त्यांची तबकडी. डमडमच्या कारखान्यात छापलेली, पार्लोफोनच्या शिक्क्याची, ब्रिटिश क्रमाची.

माझी आत्या १९६७ साली अमेरिकेत गेली. तिचा तिकडेच जन्मलेला मुलगा, माझा आतेभाऊ, त्या डिसेंबरात प्रथमच एकटा आजोळी आला. मामाला ‘रबर सोल’ आवडते हे आईकडून ऐकून त्याने आपली स्वतःची प्रत हातातल्या पिशवीतून जपत आणली होती. आपण आणि मामा एकच गोष्ट ऐकत वाढलो, याचा त्याला केवढा आनंद झाला होता! रात्री जेवणे झाल्यावर त्याने ती मोठ्या अभिमानाने लावली. आम्ही सगळे पहिल्या गाण्याच्या विजेच्या गिटारीच्या खणखणीत आवाजाची वाट पाहत होतो. तो आवाज आला नाही. त्याऐवजी साध्या लाकडी गिटारी हलकेच सुरू झाल्या, पाहता पाहता त्यांनी वेग घेतला आणि भलतेच कुठले तरी गाणे वाहू लागले.

‘‘ही दुसरीच कुठली तरी रेकॉर्ड आहे,’’ काका म्हणाले.

‘‘नाही मामा, हीच आहे,’’ आतेभाऊ आपल्या अडखळत्या मराठीत म्हणाला.

काकांनी गाणे कसेबसे संपू दिले आणि सुई उचलली. लेबल वाचले, डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचले, आणि प्रेमानेच म्हणाले, ‘‘फसवलं रे तुला दुकानदारानं.’’ आपण स्वतः कसे फसलो होतो हे त्यांच्या मनात असणार. आतेभावाने तबकडी वेष्टनात घातली. तो काही बोलला नाही. उरलेल्या पंधरा दिवसांत ती पिशवीतून बाहेर निघाली नाही.

आता वस्तुस्थिती सांगतो. ‘रबर सोल’ ब्रिटनमध्ये ३ डिसेंबर १९६५ रोजी आणि अमेरिकेत ६ डिसेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध झाली. अंतर अवघे तीन दिवसांचे. वेष्टनावर रॉबर्ट फ्रीमनने काढलेले तेच किंचित ताणलेले छायाचित्र, तेच फुगीर अक्षरांतले नाव. आत मात्र ब्रिटिश प्रतीत १४ गाणी आणि सुमारे ३५ मिनिटे; अमेरिकन प्रतीत १२ गाणी आणि सुमारे २९ मिनिटे. ब्रिटिश प्रतीतली ‘ड्राइव्ह माय कार’, ‘नोव्हेअर मॅन’, ‘व्हॉट गोज ऑन’ आणि ‘इफ आय नीडेड समवन’ ही चार गाणी अमेरिकन प्रतीत नाहीत. उलट ब्रिटिश ‘रबर सोल’मध्ये नसलेली ‘आय’व्ह जस्ट सीन अ फेस’ आणि ‘इट्स ओन्ली लव्ह’ ही दोन अमेरिकन प्रतीत आहेत, आणि तीही मोक्याच्या जागी. एक पहिल्या बाजूच्या आरंभी, दुसरे दुसऱ्या बाजूच्या आरंभी. ग्रंथाची दोन्ही दारे बदलावीत आणि आतले दालन बव्हंशी तसेच ठेवावे, तसा हा प्रकार आहे.

हस्तलिखितांच्या काळात पाठ बदलत गेले ते लेखनिकाच्या डुलकीने, कीर्तनकाराच्या उत्साहाने, प्रांतोप्रांतीच्या परंपरांनी. यंत्रयुगात, त्याच ध्वनिफितींवरून, तीन दिवसांच्या अंतराने दोन पाठ का व्हावेत? उत्तर काव्यशास्त्रात नाही, हिशेबाच्या वहीत आहे. बीटल्सची कंपनी ई. एम. आय. लंडनची. अमेरिकेतली कॅपिटॉल ही कंपनी तिने १९५५ साली विकत घेतली होती; पण तिकडचा कारभार कॅपिटॉल आपल्या मर्जीने चालवी. १९६३ मध्ये तर याच कॅपिटॉलने बीटल्सची गाणी काढायलाच नकार दिला होता. ती विकली जातात असे दिसल्यावर तिने ती आपल्या पद्धतीने विकायला घेतली. अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने दर प्रतीमागे दर गाण्याला २ सेंट असा रचनेच्या हक्काचा दर ठरला होता. जितकी गाणी जास्त तितका खर्च जास्त. ब्रिटनमध्ये हीच रक्कम तबकडीच्या किमतीच्या ठरावीक टक्केवारीने निघे आणि सर्व गाण्यांत वाटली जाई; तिथे १४ गाणी घातली काय नि १२ घातली काय, प्रकाशकाला फरक पडत नसे. शिवाय ब्रिटनमध्ये सुट्या तबकडीवर आलेले गाणे सहसा एल. पी.त पुन्हा घालत नसत. ग्राहकाला एकच माल दोनदा विकू नये, असा संकेत होता. अमेरिकन दुकानदाराला तेच गाजलेले गाणे एल. पी.वर हवे असे. परिणामी दर ब्रिटिश तबकडीतली दोन-तीन गाणी कॅपिटॉलकडे शिल्लक पडत, आणि शिलकीची पुन्हा एक नवी तबकडी होई. १९६६ अखेर बीटल्सच्या स्वतःच्या योजनेने सात एल. पी. झाल्या होत्या. अमेरिकेत त्यांच्याच दहाहून अधिक झाल्या. एका पोथीचे दीड पोथी करण्याची ही विद्या आपल्याकडच्या काही पाठ्यपुस्तक-प्रकाशकांनाही अवगत आहे. पण ते असो.

इथपर्यंत ऐकून कोणीही म्हणेल की ब्रिटिश प्रत शुद्ध, अमेरिकन प्रत भ्रष्ट, प्रश्न मिटला. मीही बरीच वर्षे असेच म्हणत होतो. संपादक म्हणून मला आजही ब्रिटिश पाठच छापावा लागेल. कर्त्यांनी क्रम लावला तो तो. त्या क्रमात विचारही आहे. ‘ड्राइव्ह माय कार’ हे थट्टेखोर, ठसकेबाज गाणे दार धाडकन उघडते आणि लगेच ‘नॉर्वेजियन वुड’ची शांत, काहीशी कोड्यात टाकणारी कहाणी येते. जॉर्ज हॅरिसनची ती सतार या आकस्मिक शांततेमुळेच अंगावर येते. चौथ्या जागी ‘नोव्हेअर मॅन’. वाद्यांवाचून, तीन कंठांनी एकदम सुरू होणारे हे गाणे प्रियकर-प्रेयसीला सोडून दिशाहीन माणसाविषयी बोलते. बीटल्स वयात आले, असे मला या गाण्यापाशी नेहमी वाटते. ते गाळणे म्हणजे एखाद्या आत्मचरित्रातले नायकाच्या मनःपालटाचे प्रकरण गाळणे. अमेरिकन श्रोत्याला ते फेब्रुवारी १९६६ मध्ये सुट्या तबकडीवर मिळाले. पण आपल्या जागी नव्हे. ‘व्हॉट गोज ऑन’ गेल्याचे मात्र दुःख करणारा मला अद्याप भेटलेला नाही. त्या गाण्याबरोबर ढोलवादक रिंगो स्टारचा मुख्य गायक म्हणून आवाजच त्या प्रतीतून नाहीसा झाला, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल.

आता दुसरी प्रत. आतेभावाने ती १९८६ साली परत नेली. पण २००६ साली कॅपिटॉलने आपल्या जुन्या आवृत्त्यांचा जो दुसरा संच काढला, त्यात ती होती. तो संच आतेभावाने मला टपालाने पाठवला. सोबत चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती. मी एका सुटीच्या दुपारी तो सलग ऐकला, आणि माझी पंचाईत झाली.

‘आय’व्ह जस्ट सीन अ फेस’मध्ये विजेची गिटार नाही, बास गिटारही नाही. नुसत्या लाकडी गिटारी, हलका ठेका आणि पॉल मॅकार्टनीचा श्वास न घेता धावणारा आवाज. (त्याच्या एका आत्याला ही चाल फार आवडे; म्हणून शब्द होण्यापूर्वी ती आत्याच्याच नावाने ओळखली जाई. आमच्या गोष्टीतही आत्या आहेच.) ते संपते आणि ‘नॉर्वेजियन वुड’ लागते. इथेही लाकडी गिटार, आणि सोबत सतार. आता ही सतार धक्का देत नाही. एकाच अंगणातले पुढचे झाड असावे तशी ती येते. दुसऱ्या बाजूला ‘इट्स ओन्ली लव्ह’ संपून ‘गर्ल’ लागते, तिथेही तोच अनुभव. ठणठणाट वजा झाला, मृदू आणि अंतर्मुख तेवढे उरले. बॉब डिलन आणि बर्ड्‌स या मंडळींनी त्याच वर्षी अमेरिकेत लोकगीत आणि रॉक यांची जी सांगड घातली होती, तिच्या शेजारी हे बीटल्स सहज जाऊन बसतात. गंमत अशी की, बर्ड्‌सच्या वादनावरून उघड उघड स्फूर्ती घेऊन हॅरिसनने रचलेले ‘इफ आय नीडेड समवन’ हे गाणे नेमके अमेरिकनांनीच वगळले.

या दोन ‘उपऱ्या’ गाण्यांविषयी आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ती १४ आणि १५ जून १९६५ रोजी मुद्रित झाली आणि ब्रिटनमध्ये ऑगस्टच्या ‘हेल्प!’ या एल. पी.त आली. अमेरिकन ‘हेल्प!’मध्ये चित्रपटातले वाद्यवृंदाचे तुकडे भरल्यामुळे त्यांना जागा मिळाली नाही. म्हणजे ‘रबर सोल’मध्ये ती प्रक्षिप्त, शिळी. पण ब्रिटिश प्रतीतले ‘वेट’ पाहा. तेही १७ जूनचे, ‘हेल्प!’साठीच मुद्रित होऊन मागे पडलेले. १२ ऑक्टोबरला ‘रबर सोल’चे मुद्रण सुरू झाले, नाताळच्या बाजारासाठी ते महिन्याभरात आटोपणे भाग होते, गाणी कमी पडली, तेव्हा ११ नोव्हेंबरच्या अखेरच्या रात्री कर्त्यांनी स्वतःच जुने ‘वेट’ बाहेर काढले, त्यावर थोडा हात फिरवला आणि चौदावी जागा भरली. कर्त्याने भरली तर ती रचना आणि दुसऱ्याने भरली तर तो प्रक्षेप, एवढाच काय तो फरक. अमेरिकन प्रतीत त्या एकट्या पडलेल्या ‘वेट’ला त्याच आठवड्यातली दोन भावंडे भेटली, असेही म्हणता येते. दोन्ही प्रतींचा शेवट मात्र ‘रन फॉर युअर लाइफ’नेच होतो, ते पुढे खुद्द जॉन लेननला नावडते झाले, आणि या बाबतीत मी त्याच्याशी सहमत आहे.

लेखनिकाच्या प्रमादाचे उदाहरण हवे असेल तर ‘आय’म लुकिंग थ्रू यू’ ऐकावे. अमेरिकन स्टिरिओ प्रतीत गिटार सुरू होते आणि चुकून थांबते, पुन्हा सुरू होते आणि पुन्हा थांबते, आणि तिसऱ्या वेळी गाणे लागते. मुद्रणाच्या वेळी झालेल्या या दोन चुका ब्रिटिश प्रतीसाठी कापल्या गेल्या. अमेरिकेला गेलेल्या फितीत त्या तशाच राहिल्या. माझा आतेभाऊ त्यांसह वाढला. पुढे ब्रिटिश पाठाची सी. डी. त्याने ऐकली तेव्हा त्याने मला फोनवर विचारले, ‘‘अरे, यांनी सुरुवात का कापली?’’ तो अडखळणे हाच गाण्याचा आरंभ समजत होता. एखाद्या ओवीतला अपपाठ तीन पिढ्यांनी भक्तिभावाने म्हटला, त्यावर निरूपणे झाली, आणि मग संशोधकाने येऊन तो खोडला, म्हणजे म्हणणाऱ्याच्या ओठांवरून तो जातो थोडाच?

पण मला खरोखर निरुत्तर केले ते ब्रायन विल्सनने. हा बीच बॉइज या कॅलिफोर्नियातील गायकवृंदाचा रचनाकार. २०२५ साली वारला. १९६५ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने ‘रबर सोल’ ऐकली आणि तो भारावून गेला. एक-दोन गाजणारी गाणी आणि बाकी भरताड, अशी तोवर एल. पी.ची रीत. इथे त्याला सगळी गाणी एकाच जातीची, एकाच मनोवस्थेतून आलेली वाटली. आपणही अशी एकसंध तबकडी करायची, या ईर्ष्येने तो कामाला लागला आणि १६ मे १९६६ रोजी ‘पेट साउंड्‌स’ प्रसिद्ध झाली. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या शतकातल्या पहिल्या पाच-दहा कृतींत ती सर्वमान्यपणे गणली जाते. ती ऐकून पॉल मॅकार्टनी भारावला, आणि १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ला तिने चालना दिली, हे त्याने स्वतः वेळोवेळी सांगितले आहे.

श्रोतेहो, ब्रायन विल्सनने ऐकली ती कोणती प्रत? अमेरिकन! कॅपिटॉलच्या कचेरीत, पैसे वाचवण्यासाठी, कर्त्यांना न जुमानता लावलेली बारा गाण्यांची प्रत. जी एकसंधता त्याला भिडली ती निदान अंशतः त्या कापाकापीतून आलेली होती. ‘ड्राइव्ह माय कार’ आणि ‘व्हॉट गोज ऑन’ मध्ये असती तर त्याला ती तशीच भासली असती का? मला तरी वाटत नाही. पुन्हा, बीच बॉइजची कंपनी कोणती? तीही कॅपिटॉलच. भ्रष्ट पाठ वाचून एका थोर कवीला स्फूर्ती झाली, त्याच्या काव्यातून मूळ कवीला नवी वाट दिसली, आणि तिघांचाही प्रकाशक घराण्याने एकच! चिकित्सक आवृत्तीच्या तळटीपेत ही गोष्ट कुठे बसवायची?

यावरून कॅपिटॉलची तरफदारी मी करतो आहे असे कोणी समजू नये. आठच महिन्यांनी, ऑगस्ट १९६६ मध्ये, ‘रिव्हॉल्व्हर’ आली तेव्हा याच कात्रीने निव्वळ नासधूस केली. ब्रिटिश प्रतीत १४ गाणी, अमेरिकन प्रतीत ११. आणि गळालेली तिन्ही लेननची. उरलेल्यांत लेननची दोनच राहिली, प्रत्येक बाजूच्या शेवटी एकेक. एरवी कोपऱ्यात बसणाऱ्या हॅरिसनची तीन, आणि लेननची दोन! अमेरिकन श्रोत्याला त्या वर्षी लेनन जणू मौनात गेला असे वाटले असल्यास नवल नाही. (हॅरिसनच्या त्या तिघांत ‘लव्ह यू टू’ हे हिंदुस्थानी थाटाचे गाणे आहे. त्यावरचा तबला अनिल भागवत यांचा, आणि वेष्टनावर त्यांचे नाव छापलेले आहे. ते आडनाव वाचून आमच्या काकांनी ‘रिव्हॉल्व्हर’ विकत घेतली असती. पण कोणी दुकानदाराने त्यांना ते सांगितले नाही.)

ती तीन गाणी कॅपिटॉलने आधीच, २० जून १९६६ रोजी, ‘यस्टरडे अँड टुडे’ या शिलकीच्या तबकडीत विकून टाकली होती. ‘रबर सोल’मधून काढलेली चारही गाणी त्याच तबकडीत आहेत. ‘रिव्हॉल्व्हर’मधले ‘शी सेड शी सेड’ हे गाणे मुद्रित झाले २१ जूनला. म्हणजे ग्रंथाचे शेवटचे प्रकरण लिहून व्हायच्या आत त्याची तीन प्रकरणे परदेशात दुसऱ्याच पुस्तकात छापून विक्रीस लागली होती. या तबकडीचे मूळ वेष्टनही कुप्रसिद्ध आहे. खाटकाच्या झग्यात बसलेले बीटल्स, अंगावर मांसाचे तुकडे आणि मोडक्या बाहुल्या. कॅपिटॉलने आपल्या तबकड्यांची खाटीकखान्यासारखी गत केली म्हणून हा निषेध, अशी दंतकथा रूढ झाली. वस्तुतः छायाचित्रकार रॉबर्ट व्हिटेकरच्या मनात निराळीच कल्पना होती. ओरड झाली, प्रती परत मागवल्या गेल्या, आणि त्यांतल्या पुष्कळांवर नवे साळसूद चित्र चिकटवून त्या पुन्हा बाजारात आणल्या गेल्या. आज संग्राहक वाफ देऊन वरचे चित्र सोलतात आणि खालचे शोधतात. खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रांविषयी आम्ही वर्गात शिकवतो. त्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

१९६७ च्या ‘सार्जंट पेपर’पासून गाण्यांचा क्रम दोन्ही देशांत सारखा झाला. १९८७ मध्ये सी. डी. काढताना ब्रिटिश पाठ हाच जगभर प्रमाण ठरला. म्हणजे प्रश्न सुटला? तसेही नाही. १९६५ मध्ये बीटल्स स्वतः लक्ष घालत ते मोनो मिश्रणात; स्टिरिओ मिश्रण मागाहून, घाईने होई. मग कर्त्याचा पाठ मोनो म्हणायचा की स्टिरिओ? १९८७ च्या सी. डी.साठी निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ‘रबर सोल’चे स्टिरिओ मिश्रण नव्याने केले. म्हणजे प्रमाण प्रत म्हणून आम्हांला जी मिळाली ती १९६५ साली कोणीच ऐकलेली नव्हती! २०१४ मध्ये अमेरिकन आवृत्त्यांचा मोठा संच निघाला, तर त्यात क्रम अमेरिकन आणि ध्वनी मुख्यतः २००९ मध्ये स्वच्छ केलेल्या ब्रिटिश प्रतींचा. आणि सर्वांवर कडी म्हणजे ‘मॅजिकल मिस्टरी टूर’. १९६७ साली ब्रिटनमध्ये ती सहा गाण्यांच्या दोन छोट्या तबकड्यांच्या रूपात आली. अमेरिकेत कॅपिटॉलने त्या वर्षीची पाच सुटी गाणी जोडून अकरा गाण्यांची एल. पी. केली. प्रमाण पाठ ठरवायची वेळ आली तेव्हा इथे अमेरिकन प्रत स्वीकारली गेली. ज्याला अपपाठ म्हणून बाहेर उभे केले, त्यालाच या एका प्रसंगी सन्मानाने आत घेतले, कारण तो अधिक भरीव होता.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या एका चर्चासत्रात मी निबंध वाचला. नंतर चहाच्या वेळी एक विद्वान सद्गृहस्थ जवळ आले आणि मनापासून म्हणाले, ‘‘तुमची मराठी छान आहे हो, बाहेरच्या मानाने.’’ त्यांच्या मनात यत्किंचितही दुष्टावा नव्हता. काकांच्याही मनात त्या रात्री नव्हता. ‘‘फसवलं रे तुला,’’ हे काकांचे वाक्य मला त्या चहाच्या कपाशी आठवले, आणि वेष्टनात तबकडी घालणारे आतेभावाचे हातही आठवले. शंभर वर्षे ज्या कपाटांतून आपल्या आज्या-पणज्यांनी पुस्तके नेली, त्या कपाटांसमोर उभे राहून मी याहून अधिक बोलत नाही.

काका आता नाहीत. त्यांची डमडमची तबकडी माझ्याकडे आहे, ती ही. दुसरी, आतेभावाची, गेल्या हिवाळ्यात तो घेऊन आला आणि या वेळी ठेवून गेला. तिच्या वेष्टनाचे कोपरे झिजले आहेत आणि मागे इंग्रजी अक्षरांत, मुलाच्या हस्ताक्षरात, त्याचे नाव आहे. मी त्याला विचारले, ‘‘मामाला तेव्हाच सांगायचं नाहीस का, की तिकडे अशीच असते?’’ तो म्हणाला, ‘‘मला कुठे ठाऊक होतं! मला वाटलं, मामाचीच चुकीची आहे.’’

चिटणीसांनी मला अजून अर्धा तास दिला आहे. दोन्ही तबकड्या पूर्ण ऐकवायला तो पुरणार नाही. काकांच्या तबकडीतली चार गाणी अर्ध्या तासाच्या पलीकडे राहतील. त्यांचे मला वाईट वाटते आणि ती ज्यांना ऐकायची असतील त्यांनी रविवारी सकाळी माझ्या घरी यावे. अमेरिकन प्रत मात्र २९ मिनिटांची आहे, अर्ध्या तासात नेमकी बसते. आमच्या घरात ती एकदाच लावली होती आणि एका गाण्यावरच सुई उचलली गेली होती. आज ती पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत लावतो. मधली बाजू उलटायला मला कोणी तरी मदत करावी. हात थोडे कापतात.